परक्या पाण्याचा मासा

मृगाचा पहिला जोरकस पाऊस होऊन नाले वाहते झाले, की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या खेड्यांतून रात्री माणसे कंदील घेऊन, हल्ली बॅटऱ्या घेऊन, बाहेर पडतात. मासे चढू लागलेले असतात. नदीतून नाल्यात, नाल्यातून धानाच्या बांधीत, बांधीतून बोडीत आणि बोडीच्या सांडव्यावरून उड्या घेत थेट तलावात, अशी त्यांची वारी चाललेली असते. अंडी घालायला उथळ, नवे, गवताळ पाणी हवे म्हणून हा सारा खटाटोप. ज्याने लहानपणी गुडघाभर पाण्यात उभे राहून पायाला लागलेल्या माशाचा तो गार, निसटता स्पर्श अनुभवला आहे, त्याला चढणीच्या माशांचे वर्णन करून सांगायला नको.

पण वाचकहो, या वाटेविषयी एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. ती वाट दुहेरी आहे. ज्या सांडव्यावरून नदीचा मासा तलावात चढतो, त्याच सांडव्यावरून, पाणी जरा अधिक झाले की, तलावातला मासा नदीत उतरतो. तलाव आपण मोजतो, ठेक्याने देतो, त्याला संस्थेचे नाव लावतो आणि तो पाळीच्या आत बंद आहे असे समजतो. माशाच्या दृष्टीने तलाव ही नदीचीच एक खोली आहे. दार पावसाळ्यात उघडते, एवढेच. म्हणून तलावात कोणता मासा सोडायचा हा प्रश्न वरवर एका गावाचा दिसला, तरी तो साऱ्या नदीचा असतो. परमुलखातला मासा आपल्या नद्यांत आला तर त्यापासून धोका किती, आणि तो धोका आधीच कसा ओळखावा, याविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

आधी 'परका' कोणाला म्हणायचे ते ठरवू. मी भूगोलाचा शिक्षक. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे. त्यामुळे माझी नजर पहिल्यांदा पाणलोटाकडे जाते. माणसांच्या सीमा नकाशावर रंगाने काढलेल्या असतात. माशाची सीमा म्हणजे दोन खोऱ्यांमधला उंचवटा. तो ओलांडायला त्याला पाय नाहीत. आपण ज्यांना अगदी घरचे समजतो ते रोहू आणि मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. आपल्या तलावांत ते माणसाने, मत्स्यबीजाच्या डब्यांतून आणले. देश एकच, पण पाणी परके.

मग समुद्रापलीकडून आलेल्यांची यादी लागते. डासांच्या अळ्या खाते म्हणून विहिरींत सोडली जाणारी गंबुशिया १९२८ साली इटलीहून आली. ती मूळची अमेरिकेची. सायप्रिनस १९३९ साली प्रथम निलगिरीत आला, आणि १९५७ साली त्याची दुसरी जात बँकॉकहून कटकला आली. बाजारात जिला चिलापी म्हणतात ती आफ्रिकेची तिलापिया १९५२ साली मंडपमला उतरली. चंदेरा आणि गवत्या हे चिनी मासे १९५९ सालचे. यांतला एकही मासा कोणी वाईट हेतूने आणलेला नाही. देशाला स्वस्त अन्न हवे होते, हिवतापाशी झुंजायचे होते. आणणारी माणसे शहाणी होती. त्यांनी एकच प्रश्न नीट विचारला : हा मासा वाढतो का? हा मासा थांबतो का, हा दुसरा प्रश्न विचारण्याची त्या काळी रीतच नव्हती. तरी चिलापीच्या बाबतीत तो लवकर सुचला. १९५९ सालीच तज्ज्ञांच्या समितीने तिचा प्रसार थांबवावा असे ठरवले. तोवर ती तळ्यातळ्यांत पोचली होती.

आता विदर्भाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते आणि वाटेत नागपूरकडची कन्हान पोटात घेते. वर्धा बैतूल जिल्ह्यात मुलताईकडे उगम पावते, आणि बुलढाण्यापासून निघालेली पैनगंगा तिला आपल्या वढ्याजवळ मिळते. चपराळ्यापाशी वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, आणि ती सिरोंच्याला गोदावरीत शिरते. म्हणजे आपले दोन्ही जिल्हे एका मोठ्या नरसाळ्याच्या तोटीशी बसलेले आहेत. वर कुठेही काही सांडले, तर ते शेवटी आपल्या दारावरून जाणार. नागपुरातल्या एखाद्या दिवाणखान्यातली काचेची पेटी नाग नदीत रिकामी झाली, तरी ते पाणी कन्हानमार्गे वैनगंगेलाच येते. आपण एकही परका मासा सोडला नाही, तरी धोका आपल्याला चुकत नाही. ही भूगोलाने केलेली व्यवस्था आहे. तिच्याविरुद्ध अपील नाही.

परका म्हणजे धोकादायकच, असे मात्र नव्हे. तसे असते तर मिरची आणि बटाटाही आपण हाकलून दिले असते. इंग्लंडातले मार्क विल्यमसन यांनी १९९६ साली एक ढोबळ हिशेब मांडला होता. बाहेरून आलेल्या दहा जातींतली एखादीच मोकळ्या रानात सुटते, सुटलेल्या दहांतली एखादी तिथे मूळ धरते, आणि मूळ धरलेल्या दहांतली एखादी उपद्रवी निघते. ऐकायला मोठे दिलासा देणारे आहे. पण पुढे २००५ साली युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यातल्या, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचा हिशेब तपासला गेला तेव्हा प्रत्येक पायरीवर दहांत एक नव्हे, तर जवळजवळ निम्मे पार होतात असे दिसले. मासेही याच प्राण्यांतले. तेव्हा सगळे परके वाईट म्हणणे जितके चुकीचे, तितकेच 'एकाने काय होते' म्हणणेही चुकीचे. निवड करावी लागते. ती आधी करावी लागते, कारण नदीत गेलेला मासा परत बोलावता येत नाही. इंग्लंडात बोटभर लांबीचा एक आशियाई मासा काही तलावांत शिरला होता. इतर माशांच्या बीजात मिसळून तो देशोदेशी गेला, आणि त्याच्याबरोबर रोगही. तिथल्या सरकारने एकेक तलाव गाठून, त्यात विष घालून तो नाहीसा करण्याचे काम चालवले. तलावाला हे जमते. वाहत्या वैनगंगेला कोण आणि कुठून विष घालणार?

ही निवड करण्याची एक पद्धत आहे, आणि गंमत अशी की ती माशांसाठी निघालेलीच नव्हती. ऑस्ट्रेलियात परदेशी बियाणे येऊ द्यायचे की नाही हे ठरवण्यासाठी तिथल्या लोकांनी तणांची एक प्रश्नपत्रिका तयार केली होती. तिच्यात ४९ प्रश्न होते. इंग्लंडात लोवेस्टॉफ्ट येथील मत्स्यसंशोधन केंद्रातले गॉर्डन कॉप आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली तीच माशांना लावली. तिचे नाव फिस्क. पुढे २०१६ साली तिची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. तीत हवामान बदलाविषयीचे सहा प्रश्न घालून एकूण ५५ झाले. प्रत्येक उत्तराला गुण असतात, त्यांची बेरीज होते, आणि ठराविक आकड्याच्या पुढे गेलेला मासा अधिक धोक्याचा मानतात. इंग्लंडात तो आकडा १९ धरला गेला. दुसऱ्या देशाने तो तसाच उचलायचा नसतो. ज्या माशांचे बरेवाईट आधीच ठाऊक आहे त्यांवर प्रश्नपत्रिका चालवून आपापला आकडा ठरवायचा असतो.

हे फार परदेशी वाटत असेल तर आपल्या घरात स्थळ सांगून आले की काय करतात ते आठवा. मुलगा दिसतो कसा हे एकदा पाहतो, पण चौकशी करतो ती त्याच्या गावात. आधी कुठे नोकरीला होता, तिथून का निघाला, कोणाशी कसा वागला? माशाच्या चौकशीतही सर्वांत वजनदार प्रश्न हाच असतो : आपले मूळ पाणी सोडून हा आणखी कुठे गेला होता, आणि तिथे त्याने काय केले? पुढचे प्रश्न त्याच्या प्रकृतीचे. आपले हवामान त्याला मानवेल का? काय खातो, एकच पदार्थ की मिळेल ते? पिलांना सांभाळतो का? कमी प्राणवायूच्या पाण्यात तग धरतो का? स्थानिक जातीशी त्याचा संकर होऊ शकतो का? बरोबर रोग आणतो का? आणि माणूस त्याला इकडून तिकडे नेईल अशा वाटा किती?

या पत्रिकेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट निराळीच आहे. प्रत्येक उत्तरासमोर, आपल्याला त्याची खात्री किती आहे, हेही लिहावे लागते. परीक्षेच्या पेपरात विद्यार्थ्याला अशी सोय दिली तर निम्मे पेपर फार प्रामाणिक होतील! गंभीर बाब अशी की 'माहीत नाही' हे उत्तर लिहिले म्हणजे धोका शून्य झाला असे होत नाही. ते पुढच्या तपासाचे काम ठरते. आपल्याकडे मात्र माहिती नाही म्हणजे तक्रार नाही, आणि तक्रार नाही म्हणजे सर्व ठीक, असा कारभार चालतो.

चला, मार्कंड्याच्या घाटावर, वैनगंगा उत्तरवाहिनी होते तिथे बसून एक पेपर सोडवून पाहू. उमेदवार म्हणून घेऊ आफ्रिकेचा मांगूर. बाजारात याला थाई मांगूर म्हणतात. तो थायलंडचा नव्हे, पण नावात परदेश असला की भाव येतो. पूर्ववृत्त? आशियात आणि दक्षिण अमेरिकेत, जिथे जिथे नेला तिथे तळ्यातून निसटून मोकळ्या पाण्यात सापडला आहे. आहार? मासे, बेडूक, किडे, मेलेले जनावर, कत्तलखान्याचा कचरा. नको असे काही नाही. वाढ? मीटरभराहून मोठा होतो. श्वास? पाण्यातला प्राणवायू संपला तर वर येऊन हवेतला घेतो, आणि ओल्या जमिनीवरून सरपटत शेजारच्या डबक्यात जातो. संकर आणि स्पर्धा? आपला देशी मांगूर याच कुळातला, आणि तो आज जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. वाटा? चोरून पाळणाऱ्यांची तळी, बीजाच्या गाड्या, महापूर.

इथे आपल्या नदीची एक खास गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ती कोणत्याही परदेशी प्रश्नपत्रिकेत आयती मिळणार नाही. वैनगंगा आणि वर्धा या बारमाही दुथडी वाहणाऱ्या नद्या नव्हेत. चैत्र-वैशाखात ऊन पंचेचाळिशीला टेकते तेव्हा नदी म्हणजे वाळूचे मैदान आणि मधून मधून डोह. सबंध नदीतले जे मासे वाचायचे ते त्या डोहांत जमा होतात. मृगाला जी चढण होते तिचे आईबाप हेच. आता विचार करा. दोन महिने एका आटत्या डोहात, गरम आणि प्राणवायू उणावलेल्या पाण्यात, पुढच्या वर्षीचे सगळे बियाणे कोंडलेले आहे, आणि त्याच डोहात हवेतून श्वास घेणारा, काहीही खाणारा एक मोठा शिकारी आहे. जो उन्हाळा इतरांना आवरतो तो त्याला आवरत नाही. उलट ताट वाढून देतो. बाराही महिने वाहणाऱ्या नदीत याच माशाला जितके गुण पडतील, त्यापेक्षा आपल्याकडे अधिक पडतील असे माझे मत आहे.

या उमेदवाराचा निकाल सरकारनेही लावलेला आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याच्या पालनाला आपल्या देशात बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली त्याचे साठे नष्ट करण्याचा आदेश दिला, आणि त्यानंतर महाराष्ट्रातही तळी उपसून मासा पुरण्यात आला. तरी तो बाजारात अधूनमधून दिसतोच. लवकर वाढतो, वाटेल ते खातो, गाडीत तासन्‌तास जिवंत राहतो. व्यापाऱ्याला जे गुण वाटतात, नदीला नेमके तेच दोष वाटतात. परक्या माशाची सारी कहाणी या एका वाक्यात सामावते असे म्हटले तरी चालेल.

मांगुराचा पेपर सोपा होता. चिलापीचा अवघड आहे. ती शिकारी नाही, दिसायला गरीब आहे, आणि स्वस्त असल्यामुळे गरिबाच्या ताटात जाते. पण तिची मादी अंडी आणि पिले तोंडात धरून सांभाळते. रोहूची मादी लाखो अंडी घालते, तीही वर्षातून एकदा, वाहत्या पाण्यात, नशिबावर हवाला ठेवून. चिलापी शेदोनशे घालते, पण वर्षातून अनेकदा, आणि त्यांतली बहुतेक जगवते. दोनतीन महिन्यांची झाली की स्वतः आई होते. तळे तिने भरले की मासे पुष्कळ, पण सगळे तळहाताएवढे. भीमेवरच्या उजनी धरणात आज चिलापीचेच राज्य आहे. भिगवणच्या बाजारात तिचेच ढीग लागतात, आणि शेकडो घरे त्यावर जगतात. त्या घरांना उद्या जाऊन 'हा मासा वाईट आहे' असे सांगणारा शहाणा कोण? शिवाय सरकारनेही तिच्या सुधारलेल्या जातीच्या पालनाला काही अटींवर परवानगी दिलेली आहे. धोक्याचा अंदाज म्हणजे बंदीचा हुकूम नव्हे. वस्तूवर किंमत लिहिलेली असावी, इतकाच त्याचा आग्रह. उजनीने ती किंमत न पाहता वस्तू घेतली. आपल्याला पाहून घेता येईल.

आणि चिलापीची आपल्याकडची किंमत पाण्याच्या वेगावर ठरते. तिला संथ पाणी आवडते. वाहत्या, पुराने घुसळून निघणाऱ्या नदीत तिचे फार चालत नाही. पण वर भंडाऱ्यात वैनगंगेवर गोसेखुर्द उभे आहे, खाली सिरोंच्यासमोर गोदावरीवर २०१९ साली मेडीगड्डाचे बंधारा-धरण झाले, आणि मध्ये लहानमोठे बंधारे आहेत. प्रत्येक बंधाऱ्यामागे एक संथ तळे तयार होते. मासा तोच, नदीचे नावही तेच, पण धोक्याचा आकडा वाढलेला. म्हणून ही परीक्षा एकदा घेऊन दप्तरी दाखल करण्याची नसते. नदी बदलली की पुन्हा घ्यायची असते.

याच्या उलट गवत्या. गवत खाणारा, तलाव स्वच्छ ठेवणारा म्हणून लोकप्रिय. त्याची अंडी लांबच लांब वाहत्या पाण्याबरोबर तरंगत जावी लागतात, तेव्हा कुठे ती उबतात. त्यामुळे तलावात तो आपोआप वाढत नाही. मांगुरापेक्षा त्याला कमी गुण द्यायला हरकत नाही. मात्र अमेरिकेतल्या मोठ्या नद्यांत त्याला हवे तसे लांब पाणी मिळाले आणि तिथे तो वाढला, हेही पूर्ववृत्ताच्या रकान्यात लिहावे लागते.

त्याचा सोबती चंदेरा याची हकीकत तर आपल्या देशातलीच आहे. हिमाचल प्रदेशातल्या गोविंदसागर जलाशयात तो कोणी मुद्दाम सोडला नव्हता. १९७१ साली जवळच्या मत्स्यबीज केंद्रात पुराचे पाणी शिरले आणि थोडे मासे वाहून जलाशयात गेले. पंधरावीस वर्षांत तिथल्या मिळकतीत निम्म्याहून अधिक चंदेराच झाला, आणि कटला मागे पडला. पुराने हे केले, हे विसरू नका. ऑगस्ट २०२० मध्ये गोसेखुर्दचे दरवाजे उघडले तेव्हा ब्रह्मपुरीपासून गडचिरोलीपर्यंत काय झाले, आणि जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरई यांनी काय केले, ते आपण पाहिले आहे. त्या पाण्याखाली किती तळी होती, किती तळ्यांत काय पाळलेले होते, याचा पंचनामा कोणी केला? घरांचा झाला, पिकांचा झाला, गुरांचा झाला.

आता एक अडचण राहते. कोणी येऊन काय नेले हे सांगायला आधी घरात काय होते त्याची यादी हवी. पुण्याला ती आहे. फ्रेझर नावाच्या गृहस्थांनी १९४२ साली पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली, आणि म्हणून २००३ साली तिथल्या अभ्यासकांना दोन्ही याद्या शेजारी ठेवून काय गेले आणि काय नवे आले ते सांगता आले. दोष एकट्या परक्या माशांचा नाही, नदीत सोडलेली घाण आणि बांधही त्यात आहेत, हेही त्यामुळेच कळले. आपल्या हजारो मालगुजारी तलावांची अशी यादी छापलेली नाही. पण ती नाहीच असे मी म्हणणार नाही. ती ढीवर, भोई आणि केवट यांच्या डोक्यात आहे.

वैनगंगेच्या काठच्या एका गावात, सत्तरी ओलांडलेल्या एका ढीवरबाबांजवळ मी एकदा विद्यार्थ्यांना घेऊन बसलो होतो. जाळ्यात आलेले मासे त्यांनी पोरांपुढे ओतले आणि एकेकाचे नाव, तो कोणत्या तळाशी राहतो, कोणत्या नक्षत्रात अंड्यावर येतो, हे सांगत गेले. एका माशापाशी थांबले. "याचं नाव नाही जी मास्तर. आमच्या बापाच्या वेळेस हा नव्हता. ज्याचं नाव नाही तो बाहेरचा." मी चमकलो. ज्या प्रश्नाला ग्रंथांत चार पाने लागतात त्याचा निकाल या माणसाने भाषेवरून लावला होता. मी विचारले, "बाबा, केव्हापासून दिसतो?" ते म्हणाले, "मोठा पूर गेला त्याच्या पुढच्या साली." वर्ष, वाट आणि नवखेपणा, तिन्ही उत्तरे एका बैठकीत मिळाली. प्रश्नपत्रिकेच्या भाषेत खात्रीच्या रकान्यात मी 'बरीच' असे लिहिले असते. आमची मुले ही नावे वहीत उतरवून घेतात. पण शाळेतल्या ढीवरांच्या मुलांनाच आता ती पुरती येत नाहीत. एखाद्या माशाचे नाव विसरले गेले की तो नाहीसा झाला तरी कोणाला कळणार नाही, याची मला खरी भीती वाटते.

दुसऱ्यांना सांगायला निघालो आहे, तर माझ्या हातून काय झाले तेही सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी बदली होऊन गेलेल्या एका शेजाऱ्यांनी आपली माशांची काचेची पेटी आमच्या घरी ठेवली. तीत काच चाटत बसणारा एक काळपट, चिलखत घातल्यासारखा मासा होता. सकर म्हणतात तो. आणला तेव्हा बोटाएवढा होता म्हणे. आमच्याकडे वर्षभरात हातभर झाला आणि पेटीत मावेना. मारवेना म्हणून मी तो बादलीत घालून गावच्या तलावात सोडला. मुलगी बरोबर होती. तिने टाळ्या वाजवल्या आणि मला पुण्य केल्यासारखे वाटले. तो दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, मेक्सिकोतल्या एका मोठ्या जलाशयात त्याने मासेमारांचा धंदा बुडवला, आणि आपल्या भीमेतही आता तो जाळ्यांत येतो, हे मी नंतर वाचले. एकटा मासा होता, प्रजा झाली नसेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण माझ्यासारखे दयाळू गृहस्थ प्रत्येक मोहल्ल्यात एक धरले, तर जोडी जमायला वेळ लागत नाही. शास्त्रज्ञ या गोष्टीला फार महत्त्व देतात. मासा कसा आहे यापेक्षाही तो किती वेळा आणि किती संख्येने सोडला गेला, यावर त्याचे मूळ धरणे अवलंबून असते. चंद्रपूरच्या रामाळा तलावातली इकॉर्निया सर्वांना दिसते, म्हणून तिच्यावर ओरड तरी होते. मासा पाण्याखाली असतो.

पुढे काय येते आहे तेही सांगायला हवे. राज्य शासनाने २०२४ साली वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाला मंजुरी दिली. गोसेखुर्दचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास लांबीच्या कालव्यांनी बुलढाण्यापर्यंत जाणार आहे. नळगंगा तापीच्या खोऱ्यातली. म्हणजे ज्या उंचवट्याला मी माशाची सीमा म्हटले, त्याला आपण दार पाडणार. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी मिळावे याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. मीही विदर्भातच वाढलो. पण पाणी एकटे जात नाही. त्याच्याबरोबर जिरे जाते, अंडी जातात, रोग जातात. कालव्याच्या खर्चाचा, बुडिताचा, लाभक्षेत्राचा अंदाज काढतात. त्याच कागदांत दोन्ही खोऱ्यांतल्या माशांची यादी आणि पन्नास-पंचावन्न प्रश्नांची उत्तरे घालायला कालव्याच्या मानाने खर्च काहीच नाही. हे काम कालवा खणण्याच्या आधीच करता येते. नंतर नुसती नोंद करता येते.

तोपर्यंत काय, असे कोणी विचारील. आपल्या हातात असलेली परीक्षा दरवर्षी पावसाळ्यात होते, आणि ती कचेरीत होत नाही, तलावाच्या पाळीवर होते. संस्थेने मागवलेल्या बोटुकलीची गाडी येते. गाडीवाल्याला पुढच्या गावी जायची घाई असते. पिशव्या फोडल्या, पाण्यात ओतल्या, पावती फाडली, झाले. त्याला थांबवा. एका पिशवीतले पाणी पांढऱ्या घमेल्यात ओता आणि पोरांना बोलवा. त्यांची नजर आपल्यापेक्षा बारीक असते. रोहू-कटल्याच्या पिलांच्या पाठीवरचा पर आखूड आणि मऊ असतो. ज्याचा पर पाठभर लांब, पुढे काटेरी, आणि अंगावर आडवे पट्टे, तो चिलापीचा. ज्याला खवले नाहीत आणि तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या आहेत, तो मांगूर. देशी की आफ्रिकेचा हे त्या वयात ओळखणे कठीण, म्हणून तो बाजूला काढून जाणत्याला दाखवावा. बीज कोणत्या केंद्रातले, त्या तळ्यात आणखी काय पाळतात, वाटेत पाणी कुठे बदलले, हे विचारून वहीत लिहा आणि गाडीवाल्याची सही घ्या. सही मागितली की काही गाड्या दुसऱ्या वर्षी त्या गावी येतच नाहीत, असा एका संस्थेच्या सचिवांचा अनुभव आहे. त्यांनी मला हे तक्रार म्हणून सांगितले होते.